लहान मुलं, ॲनिमेशन चित्रपट आणि कल्पकता: नागपूरच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन ते आठ वर्षांच्या मुलांना छोटे ॲनिमेशन चित्रपट दाखवायचे आणि मग त्यांच्यासोबत गोष्टी रचायच्या, चित्रं काढायची, बाहुल्या करायच्या, हे काम आम्ही नागपुरात करतो. महाल-इतवारीपासून हिंगण्यापर्यंतचे आई-बाबा, आजी-आजोबा आणि अंगणवाडीच्या ताई जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कार्टून पाहून मूल खरंच कल्पक होतं का? की टीव्ही लावून द्यायची ही नवी सबब?

नुसतं पाहून होत नाही. तासभर पडद्यासमोर बसलेल्या मुलाला कल्पना आयत्या मिळतात. त्या लढवण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं असतं.

तरीही ॲनिमेशन मुलाच्या खेळाच्या फार जवळचं आहे. तिथे ढगाची म्हैस होते, चमचा बोलतो, घराला पाय फुटतात. मूलही कंगव्याची रेल्वे करतं आणि उशीचा घोडा. पडद्यावर असं काही घडत असताना शेजारी बसलेल्या मोठ्या माणसानं ‘अजून काय झालं असतं?’ एवढं विचारलं, की मूल स्वतः रचायला लागतं. एका प्रश्नाची अनेक उत्तरं शोधणाऱ्या या विचाराला मानसशास्त्रात अपसारी विचार म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी तो मोजायला साधी युक्ती काढली होती: एका विटेचे किती वेगवेगळे उपयोग सुचतात ते सांगा. आम्ही चित्रपटाकडे त्या विटेसारखं पाहतो. वीट मोलाची नसते, तिचं काय काय करता येईल हे सुचणं मोलाचं असतं.

२. कोणत्या वयापासून दाखवावं आणि किती वेळ?

दोन वर्षांच्या आत अजिबात नाही. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात. अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, आणि पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांपेक्षा कमी. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी एका तासाचीच मर्यादा घातली आहे.

ही कमाल मर्यादा आहे, रोज भरून काढायचा कोटा नव्हे. आमच्या कामाला पाच ते दहा मिनिटांचा चित्रपट पुरतो. त्यानंतरचा पाऊण तास पडदा बंद असतो आणि खरी धमाल तेव्हाच चालते.

३. चित्रपट निवडायचा कसा?

आधी स्वतः पूर्ण बघा. घाईत हे राहून जातं, पण याला पर्याय नाही.

मग तीन गोष्टी तपासा. पहिली, शांतता. पात्र काहीच न बोलता नुसतं बघतंय, चालतंय, थबकतंय अशा जागा आहेत का? मुलाला विचार करायला सवड तिथेच मिळते. बिनसंवादाचे छोटे चित्रपट म्हणून आम्हाला प्रिय आहेत. दुसरी, अडचण. पात्रासमोर एक स्पष्ट पेच हवा, जो चार वर्षांच्या मुलालाही कळेल. तिसरी, वेग आणि अचाटपणा. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांवर एक प्रयोग केला. काहींना वेगवान, अचाट कार्टून फक्त नऊ मिनिटं दाखवलं, काहींना संथ शैक्षणिक कार्यक्रम, तर काहींना चित्र काढायला बसवलं. लगेच घेतलेल्या चाचण्यांत वेगवान कार्टून पाहिलेली मुलं लक्ष देण्यात आणि स्वतःला आवरण्यात मागे पडली. हा परिणाम लगेच मोजलेला होता, कायमचा म्हणून नव्हे. पण कार्टून संपल्या संपल्या मुलांकडून काही घडवून घ्यायचं असेल, तर असा चित्रपट निवडू नये एवढं नक्की कळतं.

प्रमाणपत्रही बघा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर चित्रपटगृहातल्या ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले, आणि ओटीटीवर अशी वर्गवारी २०२१ च्या नियमांपासूनच आहे. चित्रं गोंडस असली म्हणजे चित्रपट लहानांचा असतोच असं नाही.

४. मध्येच थांबवायचं म्हणता, पण आमचं पोट्टं पॉज केलं की घर डोक्यावर घेतं. काय करावं?

चिडणारच. पंगतीत पुरणपोळी वाढून पान ओढून घेतलं तर आपणही चिडू. म्हणून आधी एकदा पूर्ण, विनाअडथळा पाहू द्या. थांबवायचं ते दुसऱ्या वेळी, आणि सुरू करण्याआधीच सांगून ठेवा: ‘आज आपण एका जागी थांबून गंमत करणार.’ एकाच जागी. पाच ठिकाणी थांबलात तर चित्रपट गेला, मूलही गेलं.

मूल अगदी लहान असेल तर पॉजचं बटण त्याच्याच हाती द्या. चिडचिड बरीचशी तिथेच संपते.

जागा कोणती? पेच पडलाय पण सुटलेला नाही, ती. एकदा आम्ही कागदी होडी वाहत वाहत रस्त्यालगतच्या नालीच्या तोंडाशी येते तिथे चित्र थांबवलं आणि विचारलं, आता कुठं जाईल? एक मुलगा म्हणाला, आत उंदीर बसलाय, तो तिकीट मागेल. दुसरी म्हणाली, तिकीट नसेल तर होडी तिकडून नाग नदीत जाईल. तिसरा म्हणाला, नाही, उलटी अंबाझरीला जाईल, मासे ओढतील. नदी उलटी वाहत नाही हे तिथे सांगायचं नसतं. आम्ही विचारलं, मासे कशानं ओढतील? आणि मग दहा मिनिटं दोऱ्या, शेपट्या, मिशा, शेवाळाच्या साखळ्या. त्या दिवशी चित्रपटाचा शेवट बघायचा आहे का विचारलं, तर अर्ध्या मुलांनी ‘आधी आपली होडी’ असं सांगितलं.

तुमच्याकडे पहिल्या दिवशी असं काही घडणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून मुलं स्वतःच ‘थांबवा ना इथं’ म्हणू लागतात.

५. प्रश्न नेमके कोणते विचारायचे? ‘या गोष्टीतून काय शिकलास?’ हे चालेल का?

तो एक प्रश्न कृपा करून टाळा. मुलाला उत्तर आधीच ठाऊक असतं: खरं बोलावं, मोठ्यांचं ऐकावं. ते म्हणून दाखवलं की विषय संपला. ‘त्याच्या टोपीचा रंग कोणता होता?’ हाही परीक्षेचाच प्रश्न.

ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही असं विचारा. तो खिडकीबाहेर बघत होता तेव्हा मनात काय आलं असेल? ही गोष्ट त्या मांजरीनं सांगितली असती तर कुठून सुरू झाली असती? तो आपल्या सीताबर्डीच्या बाजारात हरवला असता तर? मग थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक मोठी माणसं तीनवरच स्वतः उत्तर देऊन टाकतात.

उत्तर आलं की ‘वा, छान’ म्हणून तिथेच पडदा टाकू नका. ‘मग?’ म्हणा. कौतुकानं बोलणं थांबतं, ‘मग?’नं पुढे सरकतं.

एक जुना चित्रपट यासाठी फार उपयोगी पडतो: फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’. विजया मुळे आणि भीमसेन यांचं हे काम आजी-आजोबांच्या पिढीला दूरदर्शनमुळे तोंडपाठ आहे. पक्षी जाळ्यात अडकतात त्या क्षणी थांबवा आणि विचारा, आता कसं सुटायचं? चित्रपटातलं उत्तर सुंदरच आहे, पण ते दिसण्याआधी मुलांना स्वतःचं शोधू द्या.

६. चित्रपट संपल्यावर घरच्या घरी काय करता येईल? सामान महाग नसावं.

पुठ्ठ्याचा खोका, जुनं वर्तमानपत्र, कणीक, दोरा, बाटल्यांची झाकणं. एवढं पुरे.

लहान वयात शरीरानं सुरुवात करा. चित्रपटातलं अस्वल चाललं तसं चाला. मग महाराजबागेत नेऊन खरे प्राणी कसे चालतात, मान कधी वळवतात, बसताना आधी कोणता पाय दुमडतात ते बघा. ॲनिमेटर हेच करतात. आधी तासन्‌तास निरीक्षण, मग रेघ.

चार-पाच वर्षांपासून एक फिरती चकती करता येते. गोल पुठ्ठ्याच्या एका बाजूला पिंजरा काढा. चकती वरून खाली उलटवून दुसऱ्या बाजूला पोपट काढा. दोन कडांना दोरे बांधून चकती जोरात फिरवली की पोपट पिंजऱ्यात बसलेला दिसतो. हे खेळणं १८२० च्या दशकातलं आहे आणि हलत्या चित्रांच्या पूर्वजांपैकी एक. एकदा जमलं की मुलांना आपल्या जोड्या सुचवू द्या: ताट आणि जिलबी, झाड आणि संत्री, टक्कल आणि केस.

आणि आपल्याकडे नागपूरला बडग्या आहे! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तिच्यासोबत गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे तसेच पुतळे, निघतात. बांबू, कागद, चिंध्या यांतून माणसं दरवर्षी एखादी पीडा उभी करतात आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत तिला शहराबाहेर काढतात. कल्पकतेचा याहून मोठा धडा कोणत्या वर्गात मिळेल? चित्रपटानंतर मुलांना विचारा, तुमचा बडग्या कशाचा? आमच्याकडे मच्छर, गृहपाठ आणि ‘दादा चिडवतो ते’ यांचे बडगे झाले आहेत.

७. मुलांना स्वतःचा ॲनिमेशन चित्रपट बनवता येईल का? माझ्याकडे साधा स्मार्टफोन आहे.

येईल, पाच-सहा वर्षांपासून. बघणाऱ्याचं करणाऱ्यात रूपांतर इथे होतं, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर.

स्टॉप मोशन म्हणजे वस्तू थोडी सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा थोडी सरकवायची, पुन्हा फोटो. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, असतात आणि हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेकदा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. मुलांसाठी पाच-सहा पुरतात. दहा सेकंदांच्या चित्रपटाला पन्नास-साठ फोटो; दोन मुलांचं तासाभराचं काम. फोनवर स्टॉप मोशनची मोफत ॲप मिळतात.

पात्र म्हणून तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घ्या. चाकं असल्यानं तो छान सरकतो, आणि मूल त्याच्यावर जीव टाकून असतं. फोन दोन डब्यांच्या मधे घट्ट अडकवा. फोन हलला की सगळं घर हललेलं दिसतं. खिडकीचा उजेड ढगांसोबत कमी-जास्त होतो, म्हणून पडदा ओढून ट्यूबलाइट लावा. फोटोआधी सगळ्यांनी मिळून ‘हात बाहेर!’ ओरडायचं, नाहीतर नंदीपेक्षा बोटंच जास्त दिसतात. ती दिसली तरी ठेवा. मुलांना तेच सर्वांत आवडतं.

हे तंत्र आपल्याकडे जुनंच आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) करण्याआधी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून त्याची छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. पुढे त्यांनी आगकाड्या हलवूनही फिल्म केली. तुम्ही कुंडीत वाटाणा लावा, फोन रोज त्याच जागी, त्याच वेळी. आगकाड्यांऐवजी मात्र आइस्क्रीमच्या काड्या घ्या.

८. रोज तोच एक चित्रपट बघायचा हट्ट आहे. बुद्धी मंद होईल का?

उलट आहे. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एकाच मालिकेचा एकच भाग सलग पाच दिवस दाखवला गेला. मुलांना तो दिवसेंदिवस जास्त कळत गेला आणि ती पडद्याशी जास्त बोलू लागली. पुढे काय होणार हे ठाऊक झालं की मुलाचं लक्ष मागच्या झाडाकडे, कोपऱ्यातल्या मुंगीकडे जातं. तिथून नवी गोष्ट निघते. वेळेची मर्यादा तेवढी पाळा (प्रश्न २).

९. कार्टून हिंदीत आणि इंग्रजीत. मुलगी आता घरीही हिंदीच बोलून राहिली. मराठीचं काय?

नागपूरचं मूल हिंदी ऐकतच वाढतं, त्याची धास्ती नको. पण बोलण्याचा भाग मराठीत ठेवा. चित्रपट कोणत्याही भाषेत असो, थांबल्यावरच्या गप्पा घरच्या भाषेत. सोपा उपाय: आवाज बंद करून दाखवा आणि संवाद मुलांना बोलू द्या. आजी वऱ्हाडीत बोलत असेल तर तिलाही एक पात्र द्या. सिंहानं ‘काहून आला बे इकडं?’ विचारलं की मुलं हसून लोळतात आणि लगेच उंदरालाही तशीच भाषा देतात.

१०. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे. दुपारभर मुलं घरात कोंडलेली. मग कार्टूनशिवाय दुसरं आहे तरी काय?

अडचण खरी आहे. अकरा ते पाच बाहेर सोडता येत नाही, आणि कूलरसमोरची दुपार पडद्यावरच जाते. एक करून बघा: दुपारची सुरुवात चित्रपटानं करा, शेवट नको. जेवणानंतर दहा मिनिटं चित्रपट, मग खोका, कणीक किंवा नंदीचं शूटिंग (प्रश्न ६ आणि ७). कंटाळा आल्यावर उतारा म्हणून पडदा लावला, की तो बंद करणं अवघड जातं. अधूनमधून मूल ‘बोअर होतंय’ म्हणेल. म्हणू द्या. जरा वेळानं ते पलंगाखाली घुसून गुहा करतं.

११. यूट्यूबवर लावून दिलं तर पुढचं आपोआप सुरू होतं. चालेल?

नाही. ऑटोप्ले बंद करा किंवा आधीच डाउनलोड केलेली एकच फिल्म दाखवा. एका गोष्टीवर दुसरी आदळली की पहिलीबद्दल बोलायला जागाच उरत नाही.

१२. कार्टून लावल्याशिवाय घास उतरत नाही. त्याच वेळी थांबवून प्रश्न विचारले तर?

जेवण आणि चित्रपट वेगळे ठेवा. ताटाशी बसून बोलायचं असेल तर काल पाहिलेल्या चित्रपटाबद्दल बोला, पडदा बंद ठेवून.

१३. मुलगा फक्त सिनेमातल्या पात्राचंच चित्र काढतो, जसंच्या तसं. ही नक्कल झाली ना?

नकलेनंच हात तयार होतो, तिला अडवू नका. फक्त त्या पात्राला दुसऱ्या ठिकाणी न्या. ‘हा रामटेकच्या पायऱ्या चढतोय असं काढशील?’ ‘याची आजी कशी असेल?’ आजी कुठल्या चित्रपटात दाखवलेली नसते. ती त्याला स्वतःच काढावी लागते. मात्र त्याच पात्राचं दप्तर, डबा, बाटली, चपला असं सगळंच घरात असेल, तर दुसरं काही सुचणं कठीणच. ती खरेदी आवरा.

१४. राक्षस पाहिल्यापासून मुलगी रात्री दचकते. बंद करावं का?

तो चित्रपट बंद, नक्कीच. ‘एवढ्याला काय घाबरायचं’ हे वाक्यही बंद. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना पडद्यावरचं आणि खरं यांतली सीमारेषा पक्की नसते, त्यामुळे भीती खरीच असते.

काही दिवस जाऊ द्या. मुलीची इच्छा असेल तर त्या राक्षसाचा कागदी बडग्या करा (प्रश्न ६). त्याला नाव तिनं द्यावं, कान तिनं लावावेत, त्याला कशाची भीती वाटते तेही तिनंच ठरवावं. दचकणं आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरलं नाही, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

१५. अंगणवाडीत तीस मुलं आणि एकच टीव्ही. हे कसं जमवू? आणि शाळेत चित्रपट दाखवणं कायद्यात बसतं का?

तीस मुलांना एकदम प्रश्न विचारला तर पुढच्या रांगेतली तीन उत्तरं देतात. थांबवल्यावर उत्तर तोंडी मागू नका. प्रत्येकानं पाटीवर किंवा फरशीवर खडूनं ‘पुढे काय’ काढायचं. मग पाच-पाच जणांचे गट करून एकमेकांना दाखवायचं. तुम्ही फिरत ऐका. वर्गात जो कधी बोलत नाही त्याची फरशी आधी बघा.

कायद्याचं: कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५२ शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवायला मुभा देतं, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असावेत. मोहल्ल्यात पडदा लावून सर्वांना दाखवायचं असेल, गणेशोत्सवात समजा, तर ही मुभा लागू होत नाही. तिथे परवानगी घ्या.

१६. माझा मुलगा बोलतच नाही. ऐकायलाही कमी येतं. त्याला याचा उपयोग आहे का?

आहे, आणि ॲनिमेशनचा जरा जास्तच, कारण चांगल्या ॲनिमेशनमध्ये अर्थ हालचालीतून पोचतो. बिनसंवादाचा चित्रपट निवडा, थांबवा, आणि उत्तर शब्दांत मागू नका. त्याच्यासमोर तीन-चार वस्तू ठेवा: दोरी, वाटी, कापड, काडी. ‘यातलं काय त्याच्या कामी येईल?’ हे खुणेनं विचारा. त्यानं वाटी उचलून डोक्यावर घातली, तर ते पूर्ण उत्तर आहे. खाणाखुणांची भाषा शिकत असेल तर त्याच भाषेत ‘मग?’ विचारा. गप्प बसणाऱ्या, पण व्यवस्थित ऐकू येणाऱ्या मुलांसाठीही हीच पद्धत वापरा. वयाच्या मानानं बोलणं मागे आहे असं वाटलं, तर पडद्यावर भिस्त न ठेवता आधी कानांची तपासणी करून घ्या.

१७. मुलीला फिट्स येतात. ॲनिमेशन दाखवावं का?

तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. फिट्स येणाऱ्या काही मुलांना झगमगत्या उजेडाचा त्रास होतो, सर्वांना नाही. तुमच्या मुलीला होतो का, हे तपासून डॉक्टरच सांगू शकतात. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगानं लुकलुकला आणि सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यांतल्या अनेकांना त्याआधी कधीच फिट आलेली नव्हती.

डॉक्टरांनी हो म्हटलं तर खोलीत दिवा लावून, पडद्यापासून लांब बसवून, चमकत्या दृश्यांचा नसलेला आणि तुम्ही स्वतः आधी पाहिलेला चित्रपटच दाखवा. नाही म्हटलं तरी वर सांगितलेली चकती, बडग्या आणि कुंडीतला वाटाणा यांना पडदा लागत नाही. पोपट-पिंजऱ्याची चकती मात्र तिच्या हाती देण्याआधी डॉक्टरांना दाखवा, कारण ती फिरतानाही चित्र झपाट्यानं आलटून पालटून दिसतं.